निर्वेद, विश्रांती आणि लेखन : लेखकाच्या सर्जनथकव्याचा समीक्षात्मक विचार

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने लेखकाच्या लिहिण्याचा जेवढा विचार केला आहे, तेवढा त्याच्या न लिहिण्याचा केलेला नाही. एखाद्या लेखकाचे पुस्तक बरीच वर्षे आले नाही, तर त्याच्याविषयी साधारणपणे दोनच प्रकारची विधाने केली जातात. 'तो आता संपला' हे पहिले आणि 'त्याने मौन धारण केले' हे दुसरे. पहिल्या विधानात निकाल आहे, दुसऱ्यात गौरव आहे. या दोहोंच्या मध्ये असणारी, अत्यंत मानवी आणि सर्व श्रमिकांना परिचित असलेली एक अवस्था मात्र आपल्या साहित्यविचारात जवळजवळ बेदखल राहिली आहे. ती अवस्था म्हणजे थकवा. शेतकरी थकतो, गिरणीकामगार थकतो, शिक्षक थकतो हे आपण सहज मान्य करतो. लेखक थकतो असे म्हणताना मात्र आपण अडखळतो, कारण प्रतिभा ही दैवी देणगी आहे आणि देणगीला थकवा येत नाही, असा एक समज आपल्या मनात खोलवर रुजलेला आहे.

लेखकाच्या सर्जनथकव्याचे स्वरूप स्पष्ट करणे, त्याची लक्षणे लेखकाला आणि समीक्षकाला कशी ओळखता येतील याचा शोध घेणे आणि विश्रांतीला सर्जनप्रक्रियेत कोणते स्थान आहे हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विश्रांती म्हणजे लेखनातील खंड नसून लेखनाचेच एक अंग आहे. आणि हे अंग सर्व लेखकांना सारख्या प्रमाणात उपलब्ध नसल्यामुळे साहित्याच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना ते विचारात घेणे आवश्यक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. संकल्पनेचे स्वरूप

'बर्नआउट' ही संज्ञा आज सर्वतोमुखी झाली असली, तरी तिचा शास्त्रीय इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांत सेवाभावाने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संदर्भात ती वापरली. ज्यांनी कामात स्वतःला सर्वस्वी झोकून दिले आहे, तेच आतून जळून रिकामे होतात, हे त्यांच्या निरीक्षणाचे सार होते. पुढे क्रिस्टीना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या अवस्थेचे मापन करणारी प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात तीन घटक मानलेले आहेत : भावनिक शक्तीचा ऱ्हास, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्या माणसांविषयी निर्माण होणारा कोरडा दुरावा आणि आपल्या हातून काहीच साधत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद घेतली. परंतु तिला रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, असे या नोंदीत गृहीत आहे.

ही व्याख्या मराठी लेखकाला लावू पाहिल्यास एक अडचण उभी राहते. मराठीत लेखन हा बहुसंख्य लेखकांचा उपजीविकेचा व्यवसाय नाही. तो शिक्षक असतो, कारकून असतो, पत्रकार असतो, शेतकरी असतो. आणि उरलेल्या वेळात लेखक असतो. त्यामुळे त्याचा लेखनातील थकवा 'व्यवसायातील' थकवा म्हणून मोजला जात नाही, आणि व्यवसायातून मिळालेली सुटी ही त्याच्यासाठी विश्रांती नसून लेखनाची दुसरी पाळी असते. दोन कामांचा भार वाहणाऱ्या माणसाचा थकवा कोणत्याच खात्यावर मांडला जात नाही, ही त्याच्या अवस्थेतील खरी कोंडी आहे.

सर्जनथकव्याची गल्लत आणखी दोन अवस्थांशी होण्याचा संभव असतो. त्यांतील पहिली लेखनावरोधाची. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात तिची चर्चा केली. अवरोधात लिहिण्याची इच्छा तीव्र असते, मात्र वाट सापडत नाही. थकव्यात वाट समोर असते, बहुधा नको तेवढी परिचित असते. चालण्याची इच्छाच आटलेली असते. अवरुद्ध लेखक कागदासमोर तळमळतो, थकलेला लेखक सराईतपणे लिहीत राहतो आणि लिहिलेल्याविषयी त्याला काहीच वाटत नाही. म्हणूनच अवरोध लगेच लक्षात येतो, थकवा मात्र भरघोस निर्मितीच्या आड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. दुसरी अवस्था नैराश्याची. जेव्हा केवळ लेखनच नव्हे, तर झोप, भूक, नातीगोती आणि जगण्याची इच्छा यांवरही सावली पडते, तेव्हा प्रश्न साहित्याचा राहत नाही. तेथे वैद्यकीय मदत हाच योग्य मार्ग होय. थकव्याच्या चर्चेने ही मर्यादारेषा पुसली जाता कामा नये.

३. राजशेखराची कविचर्या : एक जुना आधार

लेखकाच्या थकव्याचा विचार ही आधुनिक पाश्चात्त्य मानसशास्त्राचीच देणगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास कनौजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयाला असलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात कवीच्या दिनचर्येला एक संपूर्ण अध्याय दिला आहे. राजशेखर हा यायावर कुळातला. आपले पणजोबा अकालजलद यांचा उल्लेख तो महाराष्ट्राचे चूडामणी म्हणून करतो. त्यामुळे मराठी वाचकाला त्याच्याविषयी थोडी जवळीक वाटावी हे स्वाभाविक आहे.

राजशेखर कवित्वाच्या आठ माता सांगतो : स्वास्थ्य, प्रतिभा, अभ्यास, भक्ती, विद्वानांशी संवाद, बहुश्रुतता, स्मरणशक्तीची दृढता आणि अनिर्वेद. या यादीचा क्रम लक्षणीय आहे. प्रतिभेच्याही आधी स्वास्थ्य आले आहे, आणि यादीचा शेवट अनिर्वेदाने, म्हणजे खिन्न न होण्याने, मन न विटण्याने झाला आहे. आरंभी शरीराचे आरोग्य आणि अखेरीस मनाची उभारी. प्रतिभा, अभ्यास, व्यासंग हे सारे या दोन टोकांच्या मध्ये. ही दोन टोके सुटली तर मधले काहीच टिकत नाही, असा अर्थ या मांडणीतून काढता येतो.

'निर्वेद' हा शब्दही थांबून पाहण्याजोगा आहे. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत निर्वेद पहिला येतो, आणि मम्मटासारखे काव्यशास्त्रज्ञ त्यालाच शांतरसाचा स्थायी भाव मानतात. म्हणजे एकच निर्वेद माणसाला शांतीपर्यंत नेऊ शकतो आणि तोच कवीचे कवित्व खुंटवूही शकतो. लेखकाच्या न लिहिण्याकडे पाहताना आपली जी गफलत होते, तिचे मूळ या दुहेरी अर्थातच आहे. लेखक शांत झाला आहे की विटला आहे, हे बाहेरून सारखेच दिसते.

राजशेखराने आखलेल्या वेळापत्रकात दिवसरात्रीचे आठ प्रहर आहेत. त्यांपैकी पहिला प्रहर अध्ययनाला, दुसरा रचनेला, तिसरा काव्यगोष्ठीला आणि चौथा सकाळच्या रचनेच्या परीक्षणाला दिलेला आहे. रात्रीच्या आरंभी तपासलेली रचना लिहून काढावी, मधले दोन प्रहर नीट झोपावे आणि चौथ्या प्रहरी उठावे, कारण पहाटे प्रसन्न झालेल्या मनाला निरनिराळे अर्थ प्रत्यक्ष दिसू लागतात, असे तो सांगतो. हिशेब केला तर आठांपैकी प्रत्यक्ष रचनेला एकच प्रहर, आणि झोपेला दोन. चांगली झोप शरीराच्या परम आरोग्यासाठी असते, हेही तो स्वतंत्रपणे नोंदवतो. एवढेच नव्हे, तर काव्याच्या ध्यासाने शिणलेल्या कवीचा निर्वेद दूर व्हावा म्हणून त्याचे स्थान एकांताचे असावे, किंवा तेथील सेवक आज्ञेवाचून न बोलणारे असावेत, अशी सूचना तो करतो. ध्यासातूनच शीण येतो आणि तो शीण घालवण्याची व्यवस्था कवीच्या घरातच असली पाहिजे, हा विचार फ्रॉइडेनबर्गर यांच्या निरीक्षणाच्या हजारभर वर्षे आधीचा आहे.

पहाटेच्या प्रसन्न मनाविषयीच्या या निरीक्षणाला आधुनिक काळात वेगळ्या वाटेने पुष्टी मिळाली. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ साली सर्जनप्रक्रियेचे चार टप्पे मांडले : तयारी, मनातले मुरणे, प्रकाशाचा क्षण आणि पडताळणी. यांतील दुसऱ्या टप्प्यात जाणीवपूर्वक काम थांबलेले असते, परंतु काम चालूच असते. दही लागण्यासाठी भांडे हलवायचे नसते, हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात या टप्प्याचे फार विवरण करावे लागणार नाही.

४. थकव्याची संहितेतील लक्षणे

लेखकाच्या मनात काय चालले आहे हे समीक्षकाला दिसत नाही. संहिता मात्र दिसते. म्हणून थकव्याची चर्चा चरित्रात्मक तर्कांवर न सोडता संहितेतील खुणांवर आधारणे अधिक न्याय्य ठरेल. मॅस्लाक यांनी सांगितलेले तीन घटक साहित्यकृतीत कोणत्या रूपाने उतरतात, हे पाहता पुढील लक्षणे संभवतात.

पहिले लक्षण तपशील आटण्याचे. ताजेतवाने लेखन विशिष्टाकडे धाव घेते. त्यातले झाड विशिष्ट झाड असते, त्यातला पाऊस विशिष्ट गावावर पडतो. थकलेले लेखन सामान्याकडे घरंगळते. त्यात 'झाडे' असतात, 'पाऊस' असतो, 'दुःख' असते. पाहण्याचे श्रम टाळले गेले आहेत, ही त्याची खूण. भावनिक शक्तीच्या ऱ्हासाचे हे साहित्यरूप होय.

दुसरे लक्षण पात्रांविषयीच्या दुराव्याचे. लेखकाला आपल्या पात्रांचा कंटाळा आला की ती बाहुली होतात. त्यांच्या तोंडी लेखकाची मते येतात, किंवा लेखक त्यांची टिंगल करू लागतो. उपरोध हे समर्थ साधन आहे यात शंका नाही; पण जेथे उपरोध सर्व पात्रांवर आणि सर्व प्रसंगांवर सारखाच ओतला जातो, तेथे ती दृष्टी नसून शीण असण्याची शक्यता अधिक असते.

तिसरे लक्षण आत्मानुकरणाचे. एके काळी स्वतः शोधलेली प्रतिमा, वाक्याची एक विशिष्ट लकब, शेवटाची एक कलाटणी हमखास यशाचे साधन म्हणून पुन्हा पुन्हा वापरली जाते. नवे काही साधेल याचा भरवसा उरलेला नसतो. येथे सावधगिरीही हवी. प्रत्येक पुनरावृत्ती थकव्याची नसते. एकच आशयसूत्र आयुष्यभर खणत जाणारे लेखक असतात, आणि त्यांच्या पुनरावृत्तीत प्रत्येक वेळी खोली वाढलेली दिसते. पुनरावृत्तीने काही वाढवले की केवळ जागा भरली, हा निकष येथे लावावा लागतो.

या लक्षणांचे ठळक उदाहरण म्हणून सर वॉल्टर स्कॉटकडे पाहता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या चर्चेत स्कॉटचे नाव वारंवार येते, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. १८२६ मध्ये त्याच्याशी संबंधित प्रकाशन व मुद्रण व्यवसाय बुडाले आणि एक लाख पौंडांहून अधिक कर्जाचा भार त्याच्यावर आला. दिवाळे जाहीर न करता लेखणीच्या बळावर कर्ज फेडण्याचा निर्धार त्याने केला. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र १८२७ मध्ये आले, कादंबऱ्या एकामागून एक येत राहिल्या. पुढे पक्षाघाताचे झटके आले, तरी लेखन थांबले नाही. अखेरच्या दोन कादंबऱ्यांतील शैथिल्य त्याच्या जवळच्या सहकाऱ्यांनाही जाणवले. १८३१ मध्ये त्याला सक्तीच्या विश्रांतीसाठी भूमध्य समुद्राच्या प्रवासाला पाठवण्यात आले, मात्र तोवर उशीर झाला होता. सप्टेंबर १८३२ मध्ये त्याचे निधन झाले. स्कॉटच्या सचोटीचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. त्या सचोटीची किंमत त्याच्या शरीराने आणि अखेरच्या कादंबऱ्यांनी चुकवली, याकडे त्या कौतुकात फारसे लक्ष जात नाही.

मराठीत हरी नारायण आपटे यांच्या लेखनाकडेही या अंगाने पाहणे उद्बोधक ठरेल. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध होत गेल्या. संपादन, दर आठवड्याचे प्रकरण आणि पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन ही कामे ते एकाच वेळी सांभाळत होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी तक्रार केली आहे आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या आहेत, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदलेली आहे. या दोन्ही बाबींचा विचार रचनातंत्राचा दोष म्हणून झाला; साप्ताहिकाच्या चक्राला बांधलेल्या लेखकाच्या श्रमाचा परिणाम म्हणून तो फारसा झालेला नाही. क्रमशः प्रसिद्धीचे हे चक्र पुढे दिवाळी अंकांनी वेगळ्या रीतीने चालू ठेवले. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा रूढ केली. या प्रथेने मराठी कथेला वाचक दिले, लेखकांना मानधन दिले, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अनेक संपादकांना 'काहीतरी' देण्याचे बंधनही तिने निर्माण केले. त्यात वृत्तपत्रांतील सदरांची आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या दैनंदिन भागांची भर पडली. मागणीचे वेळापत्रक आणि मुरण्याचे वेळापत्रक यांत जेवढे अंतर पडेल, तेवढी थकव्याची शक्यता वाढते.

५. विश्रांतीची रूपे

विश्रांती म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, एवढाच अर्थ घेतल्यास लेखकाच्या विश्रांतीचे स्वरूप समजणार नाही. शेतीच्या परिभाषेतील दोन शब्द येथे उपयोगी पडतील. जमिनीचा कस भरून यावा म्हणून ती एखादा हंगाम न पेरता ठेवतात, तिला पड टाकणे म्हणतात. दुसरी रीत पीकपालटाची. आधीच्या पिकामुळे पुढच्या पिकासाठी जमिनीची जी अवस्था तयार होते, तिला शेतकरी बेवड म्हणतात. द्विदल पिकाचा बेवड चांगला, कारण ते पीक स्वतः वाढता वाढता जमिनीला नत्र देऊन जाते. मराठीतील काही लेखकांच्या निर्मितीक्रमाकडे या दोन कल्पनांच्या साहाय्याने पाहता येते. त्या लेखकांना थकवा आला होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पुस्तकांमधील अंतराचा अर्थ किती वेगवेगळ्या प्रकारे लावता येतो, एवढेच दाखवायचे आहे.

पीकपालटाचे उत्तम उदाहरण विंदा करंदीकरांचे. 'स्वेदगंगा' (१९४९), 'मृद्‌गंध' (१९५४), 'ध्रुपद' (१९५९) असे पाच-पाच वर्षांच्या अंतराने त्यांचे पहिले तीन संग्रह आले. त्यानंतर 'जातक' १९६८ मध्ये, 'विरूपिका' १९८१ मध्ये आणि 'अष्टदर्शने' २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे अंतर वाढत गेलेले दिसते. पण या अंतरांत काय होते? अॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा आणि 'फाउस्ट'चा मराठी अवतार होता, 'राजा लिअर' होता, ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चे अर्वाचिनीकरण होते, लघुनिबंध होते आणि मुलांसाठीची विपुल कविता होती. अनुवादात दुसऱ्याच्या आशयाला आपली भाषा द्यायची असते. आशय शोधण्याचा भार काही काळ उतरतो आणि भाषेची मशागत मात्र चालू राहते. बालकवितेत प्रौढ कवीला गांभीर्याचे ओझे खाली ठेवण्याची मुभा मिळते. 'अष्टदर्शने'त करंदीकरांनी तत्त्वज्ञांच्या विचारांना अभंगाच्या वळणात आणले. त्यामागे अनुवादातून आणि 'अमृतानुभवा'च्या सहवासातून तयार झालेला बेवड आहे, असे म्हणणे अवास्तव ठरू नये.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'झूल' (१९७९) आणि 'हिंदू' (२०१०) या कादंबऱ्यांमध्ये एकतीस वर्षांचे अंतर आहे. 'कोसला' १९६३ साली आली आणि तिने मराठी कादंबरीचे वळण बदलले. अशा लेखकाकडून वाचकांची व प्रकाशकांची अपेक्षा काय असेल, याची कल्पना करता येते. कादंबरीचे शेत या काळात पड होते, पण शेजारी समीक्षेचे पीक उभे होते. 'टीकास्वयंवर'ला १९९१ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि देशीवादाची चर्चा याच काळात बहरली. 'हिंदू'चे मूल्यमापन कसेही झाले, तरी तिचा पसारा वार्षिक मागणीच्या चक्रात उभा राहणारा नव्हता.

अरुण कोलटकरांचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे. 'जेजुरी' १९७६ मध्ये आणि 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतरचे मराठी संग्रह थेट २००३ पासून येऊ लागले; 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' ही त्यांतील दोन महत्त्वाची नावे. 'भिजकी वही'चा आवाका पाहता मधली पंचवीस वर्षे रिकामी नव्हती, हे उघड आहे. येथे विश्रांती लेखनापासून नाही, प्रकाशनापासून आहे. उपजीविका जाहिरातक्षेत्रातील कलाकामावर चालत होती. कवितेवर कोणतीही तारीख लादलेली नव्हती. लेखकाला थकवणारी गोष्ट दर वेळी लेखन हीच असते असे नाही. सतत दिसत राहण्याची, चर्चेत राहण्याची, प्रतिसाद देण्याची सक्तीही त्याला थकवते. समाजमाध्यमांच्या आजच्या काळात हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे. कित्येक लेखकांना लेखन थांबवण्याची गरज नसते, लेखक म्हणून दिसणे थांबवण्याची असते.

या तिन्ही उदाहरणांवरून लेखकाच्या विश्रांतीविषयी काही सूत्रे हाती येतात. विश्रांती ही थकव्याच्या प्रकाराला अनुरूप असावी लागते. पाहण्याची शक्ती आटली असेल तर पड टाकणे योग्य. त्या काळात निरुद्देश वाचन, चालणे, हातांनी करावयाची कामे यांना जागा द्यावी. शैलीचा कंटाळा आला असेल तर पीकपालट योग्य. आणि बाह्य मागणीने शीण आला असेल, तर वही चालू ठेवून प्रकाशन थांबवणे योग्य. लेखकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्नही यातूनच मिळतो : मला लिहिण्याचा कंटाळा आला आहे, असे लिहिण्याचा आला आहे, की लिहिलेले सतत देत राहण्याचा?

६. विश्रांती कोणाला परवडते?

येथवरचे विवेचन अपुरे राहील, जर राजशेखराच्या कवीच्या घरात स्वयंपाक कोण करत होते हा प्रश्न विचारला नाही. ज्याच्या घरी उद्याने आहेत, जलाशय आहेत, आज्ञेवाचून न बोलणारे सेवक आहेत, त्याला आठांपैकी एकाच प्रहरात रचना करणे शक्य आहे. स्वतः राजशेखरालाही सर्व कवी असे नसतात याची जाणीव होती. रचनेच्या वेळेवरून तो कवींचे चार प्रकार करतो. तळघरासारख्या एकांतात शिरून निष्ठेने लिहिणारा असूर्यम्पश्य, काव्यात रमणारा परंतु एवढा निष्ठावंत नसलेला निषण्ण, सेवाचाकरी सांभाळून मिळालेल्या अवसरात लिहिणारा दत्तावसर आणि निमित्तपरत्वे लिहिणारा प्रायोजनिक. मराठी साहित्याचा फार मोठा भाग दत्तावसर लेखकांनी निर्माण केला आहे. त्यांना मिळणारा अवसर लेखनातच खर्च होतो, विश्रांतीसाठी निराळा अवसर उरत नाही.

अण्णाभाऊ साठे यांचे आयुष्य या संदर्भात डोळ्यांसमोर येते. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे जन्मलेल्या आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या या लेखकाने गिरणीत काम केले, कलापथकातून लोकांना जागे केले, लावण्या-पोवाडे रचले, वगनाट्ये आणि कथा लिहिल्या, आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ मध्ये आली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या लेखनातील विषमतेवर बोट ठेवताना समीक्षेने अनेकदा प्रतिभेच्या मर्यादांची चर्चा केली आहे. राजशेखराच्या आठ मातांपैकी पहिली माता, स्वास्थ्य, ज्याला कधी लाभलीच नाही, त्याच्याकडून सातव्या-आठव्या मातेच्या कृपेची अपेक्षा करताना समीक्षकाने थोडे थांबावयास हवे होते. दहा-बारा वर्षांचे पड टाकणे ज्याला शक्य होते, त्याच्या एका पुस्तकाशी, ज्याला एक महिनाही थांबणे परवडत नव्हते, त्याच्या सर्व पुस्तकांची सरासरी तोलणे ही न्याय्य समीक्षा नव्हे.

स्त्री-लेखनाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळे रूप घेतो. स्त्रियाही पुरुषांप्रमाणे कवी होऊ शकतात, असे राजशेखर स्पष्टपणे म्हणतो आणि पत्नी अवंतिसुंदरीची मते आदराने उद्धृत करतो. मात्र अशा कवयित्रीच्या दिनचर्येचे वेळापत्रक तो देत नाही. अमेरिकन लेखिका टिली ऑल्सेन यांनी १९७८ मध्ये लेखकांच्या मौनावर लिहिलेल्या पुस्तकात दोन प्रकारची मौने वेगळी केली आहेत : जमीन पड राहावी तसे नैसर्गिक मौन, आणि उगवू पाहणाऱ्याला उगवू न देणारे अनैसर्गिक मौन. संसार, मुलांचे संगोपन आणि पोटापाण्याचे काम यांत गेलेली स्वतःची वर्षे त्यांच्या या विवेचनामागे होती. मराठीत बहिणाबाई चौधरींची कविता जात्यावर, शेतात, कामाच्या लयीत रचली गेली आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. श्रमातून कविता फुलते याचा दाखला म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. तो दाखला खरा आहे. पण तेवढ्यावरून लेखिकेला निवांतपणाची गरज नसते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे टंचाईला गुण ठरवणे होय. जात्यावरच विरून गेलेल्या कवितांची मोजदाद कोणी केलेली नाही.

याच प्रश्नाची एक बाजू आपल्या शैक्षणिक जगाशीही निगडित आहे. मराठीतील अनेक लेखक महाविद्यालयीन अध्यापक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण देण्याची पद्धत आणली. पुढे तिच्यात बदल होत गेले, तरी प्रकाशनांची संख्या मोजण्याची सवय मात्र रुजली. संख्येच्या हिशेबात न लिहिलेल्या वर्षाचे मूल्य शून्य असते. ज्या वर्षी एखाद्या अध्यापकाने काही प्रसिद्ध न करता केवळ वाचले, ऐकले, पाहिले, ते वर्ष त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या लेखनाचा पाया असू शकते. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. सर्जनथकवा ही लेखनावरोधाहून आणि नैराश्याहून वेगळी अवस्था आहे आणि ती विपुल लेखनाच्या आडही असू शकते. तपशील आटणे, पात्रांविषयी दुरावा आणि आत्मानुकरण या खुणांवरून ती संहितेत ओळखता येते. भारतीय काव्यविचाराने स्वास्थ्य आणि अनिर्वेद यांना कवित्वाच्या माता मानून विश्रांतीला सर्जनाच्या केंद्रातच स्थान दिलेले आहे. पड टाकणे, पीकपालट आणि प्रकाशनापासून दूर राहणे ही विश्रांतीची तीन प्रमुख रूपे मराठी लेखकांच्या निर्मितीक्रमात आढळतात. आणि विश्रांतीची उपलब्धता वर्ग, जात आणि लिंगभाव यांनी ठरत असल्याने, लेखकांची तुलना करताना ती गृहीत धरता येत नाही.

यातून समीक्षकावर आणि संपादकावर काही जबाबदारी येते. थकव्याच्या खुणा दिसल्या असता 'लेखक संपला' असा निकाल देण्याऐवजी, त्याला थांबण्यास अवकाश आहे काय, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे. संपादकाने लेखकाकडे लेखन मागावे, तसे प्रसंगी 'यंदा देऊ नका, तरी पुढच्या वर्षी तुमची आठवण राहील' असेही सांगावे. वाङ्मयीन संस्थांनी पूर्ण झालेल्या पुस्तकांना पुरस्कार द्यावेत, तसे न झालेल्या पुस्तकांसाठी निवांत महिनेही द्यावेत. लेखकाला मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. जी जमीन दर हंगामाला पेरली जाते, तिच्यातील पीक आधी उंचीने नव्हे, कसाने कमी होते. आणि कस कमी झाल्याचे शेजाऱ्याच्या आधी मालकालाच कळते.